पुन्हा पाटीवर

आमच्या आजीला अक्षर वाचता येत नव्हतं, पण तिच्याकडे स्वतःचं बायबल होतं. काळ्या बांधणीचं, लाल कडांचं. दर रविवारी ते ती छातीशी धरून देवळात न्यायची, उपासना चालू असताना मांडीवर उघडून ठेवायची आणि घरी आली की ट्रंकेत लुगड्यांच्या घडीखाली परत ठेवून द्यायची. पुस्तक उलटं उघडलंय की सुलटं हे तिला कळत नसणार, असं आम्हा पोरांना वाटायचं.

एकतीस डिसेंबरच्या रात्री कोडोलीत थंडी चांगलीच झोंबते. उसाचा हंगाम भरात असतो, गुऱ्हाळांची चुलवाणं पेटलेली असतात आणि वारा फिरला की काहिलीतल्या रसाचा वास गावभर पसरतो. वॉचनाईटच्या उपासनेला आम्ही पोरं हौसेनं जायचो आणि दहाच्या आत सतरंजीवर आडवी व्हायचो. बाराला घंटा वाजायची, नव्या वर्षाची प्रार्थना व्हायची आणि मग ताट फिरायचं. ताटात कागदाच्या बारीक सुरळ्या, प्रत्येकीत शास्त्रातलं एक वचन. तुम्ही उचलाल ते तुमचं, वर्षभरासाठी. आजी मला गदागदा हलवायची. "ऊठ बाळा, माझं काढ."

मीच काढायचो आणि मीच वाचून दाखवायचो. दुसरीतलं पोरगं, अर्ध्या झोपेत, जोडाक्षरांवर अडखळत. एका वर्षी एक अवघड शब्द मी सरळ गाळून पुढं गेलो. आजी म्हणाली, "एक गिळलास बघ." वचन तिला ऐकून ऐकून पाठ होतं. तरी ते तिला माझ्याच तोंडून ऐकायचं होतं, आणि ऐकताना ती पदर सारखा करून, मान खाली घालून बसायची, जशी पाळकसाहेबांपुढं बसायची तशी.

त्या रात्री आम्हा दोघांत लेकरू नेमकं कोण होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी या पुस्तकाला प्रस्तावना लिहायला सांगितली तेव्हा पहिल्यांदा आठवलं ते हे ताट.

पुस्तकाचा विषय आहे लेकरासारखं होणं आणि नव्यानं सुरुवात करणं. ख्रिस्ती माणसाला याहून जास्त वेळा ऐकलेला विषय नसेल. मुलांचा रविवार आला की व्यासपीठावर फुगे लागतात, पोरांना पुढं बसवतात आणि प्रवचनात सांगतात की मुलं निरागस असतात, आपणही निरागस व्हावं. खाली बसलेल्या प्रत्येक आईला ठाऊक असतं की तिचं निरागस लेकरू आत्ता शेजारच्या पोराला चिमटा काढतंय. पोरं हट्टी असतात, आपमतलबी असतात, खोटंही सफाईनं बोलतात. येशूला हे माहीत नसेल असं मानायचं कारण नाही. बाजारात बसून खेळावरून कुरकुरणाऱ्या पोरांचा दाखला त्यानंच दिलेला आहे.

म्हणून शुभवर्तमानातला तो प्रसंग नीट बघितला पाहिजे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात बालकाचा विषय निघतो तो शिष्यांच्या एका प्रश्नावरून: स्वर्गाच्या राज्यात मोठा कोण? म्हणजे वाद मानपानाचा होता. त्या वादात येशू एका पोराला बोलावतो आणि मधोमध उभं करतो. त्या काळच्या समाजात पोराला मान नव्हता, पंगतीत जागा नव्हती, साक्षीला किंमत नव्हती. ज्याला विचारल्याशिवाय काही घेता येत नाही आणि दिलेलं घेण्यात ज्याला कमीपणा वाटत नाही, तो तिथं मध्यभागी उभा राहिला. मार्कात तर शिष्य मुलांना आणणाऱ्यांना दटावतात, आणि येशू रागावतो तो शिष्यांवर. लूकनं तिथं तान्ह्या बाळांसाठीचा शब्द वापरला आहे. तान्ह्या बाळाच्या अंगी कसली आली निरागसता आणि कसला विश्वास? त्याला फक्त उचलून घ्यावं लागतं.

आमच्या मंडळ्यांत कारभार पाहणाऱ्यांना आपण 'वडील' म्हणतो. शब्द चांगला आहे, शास्त्रातला आहे. पण वडील निवडायची सभा असली की देवळाबाहेर किती मोटरसायकली लागतात ते मी पाहिलेलं आहे. पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवरून दोन घरांचं बोलणं आठ वर्षं बंद होतं, हेही पाहिलेलं आहे. मंडळीचं नाव घेत नाही. घर मात्र सांगतो, त्यातलं एक माझं होतं. शिष्यांचा तो प्रश्न आपल्याकडे अजून चालू आहे आणि त्याचं उत्तर आपण दरवर्षी फुगे लावून देतो.

मराठीत या विषयावर एक शब्द आयता पडून आहे: बाळबोध. आज कुणाच्या लेखनाला बाळबोध म्हटलं तर त्याला राग येईल. पण आपण ज्या अक्षरात हे वाचतो आहोत त्याचंच ते नाव. जमाखर्च, खतं, पत्रं, वतनाचे कागद सगळं मोडीत चालायचं. मोडी ही जाणत्यांची, कारकुनांची, कुलकर्ण्यांची लिपी. पोराला समजावं म्हणून सुटं सुटं काढलेलं, डोक्यावर रेघ दिलेलं अक्षर ते बाळबोध. कुलकर्ण्याच्या कागदावर काय लिहिलंय हे ज्याला कधीच कळलं नाही आणि ज्याचा अंगठा मात्र त्याच कागदावर उमटला, त्याच्या हातात पहिलं छापील पुस्तक आलं ते बाळबोधीत. म्हणजे बाळाला कळेल असं लिहिणं हे आपल्या भाषेत कधीकाळी मोठंच काम होतं. तुकोबांनी देवाकडं लहानपण मागितलं हे तर इथलं शाळकरी पोरही जाणतं, मग त्याच्या घरी जोतिबाचा गुलाल असो की नाताळची चांदणी.

आता दुसरा शब्द. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात निकदेम नावाचा यहुद्यांचा अधिकारी रात्री येशूकडे येतो. येशू त्याला नव्यानं जन्म घ्यायला सांगतो. मूळ ग्रीक शब्दाचे दोन अर्थ होतात, 'पुन्हा' आणि 'वरून'. निकदेमानं पहिला धरला आणि म्हाताऱ्या माणसानं आईच्या पोटात परत कसं जायचं, असं विचारून बसला. आमच्या मुलखात या शब्दाची अडचण आणखी वेगळी. इथं जन्म ही मागून घ्यायची गोष्टच नव्हे. चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या फेऱ्यातून सुटका हवी म्हणून माणूस नाम घेतो, वारी करतो, आणि त्याला कुणी येऊन सांगतं की तुला परत जन्मायचं आहे! ऐकणाऱ्याला ती शिक्षा वाटली तर त्याचं काय चुकलं? मराठी बायबलात 'पुन्हा' टाळून 'नव्याने' आलं हे फार बरं झालं. एका क्रियाविशेषणावर केवढा भार पडतो बघा.

शब्बाथ शाळेत हा धडा चालू असताना एका मुलानं शिक्षिकेला विचारलं, निकदेम रात्रीच का आला, दिवसा त्याला शाळा होती काय? वर्ग हसला. बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा मी मात्र हसलो नाही. दिवसा शिकवणारा आणि रात्री शिकायला येणारा म्हातारा गुरुजी, हे निकदेमाचं चांगलं वर्णन आहे. रात्रशाळा महाराष्ट्राला नवी नाही. १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी ती काढली होती. दिवसभर राबलेली मोठी माणसं कंदिलाच्या उजेडात मुलांची पाटी घेऊन बसत. मला 'नवा जन्म' म्हटलं की तेच चित्र दिसतं, आणि त्याला घरचं कारण आहे.

कोल्हापुरात रॉयल गूल्ड वाइल्डर हा अमेरिकन मिशनरी १८५२ च्या डिसेंबरात आला. पुढं त्याचं काम प्रेस्बिटेरियन मंडळाकडं गेलं. १८७७ मध्ये पन्हाळ्यावर मिशनचं ठाणं झालं आणि शतकाच्या अखेरच्या दशकात ते गडाखाली कोडोलीत आलं. शाळा आली, दवाखाना आला, मंडळी उभी राहिली. येशूचं नाव घेऊन पुढं आले ते बहुतेक महारवाड्यातले आणि मांगवाड्यातले लोक. वेशीबाहेरचे. मिशनचा इतिहास लिहिणारे इथं बंगल्यातल्या साहेबाचं आणि मडमेचं चरित्र लिहू लागतात. ते जरूर लिहावं. मला ओढ आहे ती ओसरीवर बसलेल्यांची.

माझे पणजोबा तिशी ओलांडल्यावर पाटी घेऊन बसले असं घरात सांगतात. शेजारी त्यांचा सात वर्षांचा मुलगा, म्हणजे माझे आजोबा. दोघांचा धडा एकच. मुलगा लवकर पुढं गेला आणि मग बापाला शिकवू लागला. बाप चुकला की मुलगा पाटीवर बोट ठेवायचा. दिवसा दुसऱ्याच्या बांधावर राबणाऱ्या, ज्याला गावात 'अरे' शिवाय हाक नाही अशा माणसाला घरातही पोराकडून चूक काढून घ्यायची म्हणजे थोडी गोष्ट नाही. पणजोबा अखेरपर्यंत 'ज्ञ' लिहायला चुकत, असंही सांगतात. त्यांनी बाप्तिस्मा कोणत्या साली घेतला ते घरात कुणाला नक्की ठाऊक नाही. पाटीची गोष्ट मात्र सगळ्यांना पाठ आहे.

हे सगळं श्रेय मिशनचं, असं मी म्हणणार नाही. हे कोल्हापूर संस्थान होतं. शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, १९१७ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांना पुढं केलं. पाटी अनेक हातांनी आमच्या दारात आली. १९५६ नंतर आमच्या शेजारची घरं बौद्ध झाली, तोही नवा जन्मच होता आणि त्यांनी तो आमच्यापेक्षा जास्त डोळसपणे घेतला असं मला कधी कधी वाटतं.

कारण आमच्या नव्या जन्माचा हिशेब सरळ नाही. नावं बदलली, शमुवेल, दानियल, मार्था, रूथ आली, त्यापुढं आडनाव जुनंच राहिलं आणि गावानं दोन्ही जोडून हाक मारली. सोयरीक जुळवताना अमकं घर मूळचं कुठलं, हे चहाच्या कपाआड अजूनही विचारलं जातं. सरकारदरबारीही गंमतच. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशानं सवलत फक्त हिंदूंना ठेवली, १९५६ मध्ये तीत शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती बाहेरच. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात घातलं आहे. म्हणजे दाखल्यासाठी तहसील कचेरीच्या खिडकीशी उभं राहिलं की नव्यानं जन्मलेल्या माणसाला आपला जुना जन्म आधी सिद्ध करावा लागतो. निकदेमाला हा प्रश्न सुचला नव्हता.

या पुस्तकात ज्या चार माणसांच्या वाटेनं हा विषय मांडला आहे ती कोडोलीची नाहीत. तीन तर ब्राह्मण घरांतली. आमच्या तरुण मंडळींपैकी काहींनी यावर हरकत घेतली आणि ती रास्त आहे. वेशीबाहेरून आलेल्यांनी आपली चरित्रं लिहिली नाहीत, कारण ती लिहायची तर आधी अक्षर शिकायचं होतं. ज्यांच्याकडं अक्षर पिढीजात होतं त्यांची पुस्तकं उरली. तरी ती वाचावीत, कारण त्यांनाही एका वळणावर पाटी कोरी करून परत बसावं लागलं, आणि आधीच भरलेली पाटी पुसणं जास्त जड जातं.

बाबा पदमनजींचं चरित्र मी इथं दोन ओळींत आटोपतो. बेळगावचे, कासार घराण्यातले, १८३१ चा जन्म, १८५४ मध्ये बेळगावातच बाप्तिस्मा, १८५७ मध्ये विधवांच्या दुःखावरचं 'यमुनापर्यटन' आणि १८८८ मध्ये 'अरुणोदय' हे आत्मवृत्त. पन्नाशी उलटलेल्या माणसानं आपल्या आयुष्याच्या गोष्टीला पहाटेचं नाव द्यावं, एवढंच मला त्यात सांगण्यासारखं वाटतं.

लक्ष्मीबाई टिळकांपाशी मात्र थांबायला हवं. नाशिकजवळच्या जलालपूरचं गोखल्यांचं घर. १८५७ च्या धामधुमीत बाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली, आणि त्या धक्क्यातून बाईंच्या वडिलांच्या डोक्यात सोवळं शिरलं ते कायमचं. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. धान्य तर धुवायचंच, मीठसुद्धा धुवायचं. पाण्यात घातल्यावर मिठाचं काय उरत असेल ते उरत असेल. या घरातली मुलगी अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांच्या घरी आली आणि लिहायला-वाचायला शिकली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून.

टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढची जवळजवळ पाच वर्षं दोघं वेगळी राहिली. नंतर बाई नगरला नवऱ्याजवळ आल्या, पण चूल निराळी, पाणी निराळं. नवऱ्याच्या देवाविषयी त्यांनी काही ठरवायच्या आधी त्यांना आपल्या घागरीविषयी ठरवायचं होतं. ते त्यांनी स्वतःच्या मनाशी, स्वतःच्या अकलेनं ठरवलं. जात देवानं केलेली दिसत नाही, माणसानं केलेली दिसते, इथपर्यंत त्या एकट्या विचार करत पोचल्या आणि कुणाच्याही हातचं खायला-प्यायला मोकळ्या झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. क्रम लक्षात घ्या. आमच्याकडं पुष्कळांचा तो उलटा झाला आणि दुसरी पायरी राहूनच गेली.

'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग छापून आला १९३४ मध्ये. बाई तेव्हा साठी ओलांडून गेल्या होत्या. त्या पुस्तकात धर्मशास्त्र औषधालाही नाही. त्यात भाजी आहे, भांडण आहे, कॉलरा आहे, नवऱ्याचा विसरभोळेपणा आहे आणि स्वतःच्या फजितीवर पोट धरून हसणं आहे. आपल्या फजितीची गोष्ट सांगताना मोठ्या माणसाचा आवाज बदलतो, तो स्वतःला सावरून घेतो. बाई सावरत नाहीत. माझं मत विचाराल तर ख्रिस्ती नव्या जन्मावर मराठीत याच्या तोडीचं दुसरं पुस्तक नाही, आणि प्रवचनाचा सूर त्यात एकदाही लागत नाही. नवऱ्याकडून मुळाक्षरं गिरवलेल्या या बाई १९३३ साली नागपूरच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या आणि टिळकांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनीच पुरं करत नेलं.

रेव्हरंड टिळकांना मराठी वाचक फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतात. नागपूरकडून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या माणसानं त्यांना नवा करार वाचायला दिला आणि तिथून सगळं सुरू झालं, ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते. एवढ्या विद्वान, रागीट, वादात कुणाला हार न जाणाऱ्या माणसानं परक्याकडून पुस्तक घेतलं आणि मुकाट वाचलं, हे मला त्या गोष्टीत मोठं वाटतं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो, असं ते म्हणत. म्हणजे नवी सुरुवात करताना मागचं सगळं नदीत सोडावं लागत नाही. त्यांनी कीर्तन ठेवलं, अभंग ठेवला. त्यांच्या नगरच्या घरात त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, मुलासारखे राहिले. १९१७ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षाच्या आसपास, मिशनची पगारी चाकरी सोडून टिळकांनी 'देवाचा दरबार' मांडला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. दोन वर्षांत ते गेले. एक बाजू मात्र सांगायला हवी. घरातलं काहीही उचलून कुणालाही देऊन टाकणारं, उद्याची चिंता न करणारं टिळकांचं मूलपण कुणीतरी निस्तरत होतं, आणि ती लक्ष्मीबाई होत्या. नवऱ्यानं लेकरू व्हायचं ठरवलं की बायकोला दोनदा आई व्हावं लागतं, हे आमच्या प्रवचनांत कुणी सांगत नाही.

पंडिता रमाबाईंची पाटी या चौघांत सगळ्यात भरलेली. बाप अनंतशास्त्री डोंगरे, भागवताचे हजारो श्लोक लहानपणीच मुखोद्गत, विशीत कलकत्त्याच्या पंडितांनी दिलेली 'सरस्वती' ही पदवी. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा. आणि मग त्या स्वतःच लिहून ठेवतात की ख्रिस्ती धर्म मला सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षं गेली. बाप्तिस्म्याचा दाखला हातात असलेल्या प्रत्येकानं हे वाक्य एकदा घरी बसून वाचावं. नवी सुरुवात रजिस्टरातल्या तारखेला होतेच असं नाही.

१८९७ आणि १९०० च्या दुष्काळांत त्यांनी उपाशी मुली-बायका गोळा करून केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या. त्या बायकांसमोर बायबल वाचताना जुन्या भाषांतराची संस्कृताळलेली मराठी आडवी येऊ लागली. तेव्हा या संस्कृत पंडितेनं उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतलं, आणि शिकून काय केलं, तर केडगावच्या आवारात जात्यावर बसलेल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत सगळं बायबल एकटीनं उतरवलं. कान अधू, मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेलेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या तेव्हा काम हातावेगळं झालेलं होतं. ग्रंथ छापून पुरा झाला १९२४ मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातून. ज्यांना अन्न मिळालं नव्हतं त्यांनी खिळे जुळवले. पंडिताला मूर्खासारखं दिसायची भीती असते. अशी भाषा लिहायची तर ती भीती आधी टाकावी लागते. बाळबोध या शब्दाला त्यांच्याइतकी इभ्रत कुणी दिली नाही.

एक सावधगिरी. मोकळ्या मनाच्या नावाखाली आमच्याकडं भोळेपणाही खपतो. तंबूत गर्दी जमवून हात ठेवणारे, औषधं बंद करायला सांगणारे, 'शंका घेऊ नका, लेकरासारखा विश्वास ठेवा' म्हणणारे. शंका न घेणारं लेकरू मी तरी पाहिलेलं नाही. चार वर्षांचं पोर दिवसाला शंभर वेळा 'का' विचारतं आणि उत्तर पटलं नाही तर परत विचारतं. पौलानं करिंथकरांना समज देताना हाच फरक केला: वाईटाच्या बाबतीत लेकरं व्हा, समजुतीच्या बाबतीत नको. मराठीनं त्यासाठी निराळे शब्दच ठेवले आहेत. पोरकट वेगळं, बालिश वेगळं, आणि लेकरू वेगळं. 'लेकरू' हा शब्द एकटा उभाच राहत नाही. लेकरू म्हटलं की ते कुणाचं, हे आलंच.

या नोंदी शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी तीन उन्हाळ्यांत, सुट्टीतल्या बायबल शाळेच्या निमित्तानं तयार केल्या. आधी त्या मुलांसाठी होत्या. मुलांना सोडायला आलेल्या आया खिडकीशी रेंगाळू लागल्या, मग आत येऊन मागं बसू लागल्या, म्हणून हे पुस्तक मोठ्यांसाठी झालं. कोडोलीत पोरांचं काही ऐकायला थांबणं लोकांच्या अंगवळणी आहे. शेजारच्या वारणानगरच्या बालवाद्यवृंदानं दोन-तीन पिढ्यांना ती सवय लावली. शिक्षकांपैकी कुणाचंही नाव मुखपृष्ठावर नाही. त्यांनीच नको म्हटलं. भाषा मी दोन-चार ठिकाणी सारखी केली, बाकी त्यांची आहे तशी ठेवली आहे. 'ळ'च्या जागी 'ल' आला असेल तर तो छापखान्याचा दोष समजावा, कोडोलीचा नव्हे.

वाचणाऱ्यांना विनंती एवढीच. हे पुस्तक एका बैठकीत संपवू नका आणि मनातल्या मनात वाचू नका. घरात वाचता येणारं सगळ्यात लहान जे कुणी असेल त्याच्या हातात द्या, त्याला मोठ्यानं वाचू द्या आणि मोठ्यांनी ऐका. तो अडखळला तर लगेच शब्द पुरवू नका. गाळून पुढं गेला तर मात्र सांगा. शेवटची आठ पानं मुद्दाम कोरी सोडली आहेत, ती तुमच्या प्रश्नांसाठी. पेन्सिलीनं लिहा, म्हणजे पुसता येईल.

कोडोली, ता. पन्हाळा